बटण दाबलं की पुढे

माझा नवरा कवळ्या बनवतो. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात डोकावतात आणि मागच्या खोलीत बसून दात हा लावतो. प्लास्टरच्या साच्यावर पाच वेळा बसवून बघितल्याशिवाय तो कवळी डॉक्टरांच्या हाती देत नाही. दाढ केसभर उंच वाटली की पुन्हा घासायला घेतो. असा हा चिकाटीचा माणूस, पण घरी येऊन हातात कंट्रोलर घेतला की घोड्यावर बसून आल्यासारखा वागतो.

वर्षातून एकदा तो आठवडाभर रजा काढतो आणि जुने व्हिडिओ गेम परत खेळतो. प्रत्येकावर एका वहीत मत लिहितो. त्याच्या पाच-सहा मित्रांना ते मत म्हणजे ब्रह्मवाक्य.

अ‍ॅक्शन गेम परत खेळावेत, असं त्याचं मत. बोटांना गंज चढलाय का ते कळतं. एका गेममध्ये मनोऱ्यावरून मनोऱ्यावर उडी मारायची असते. पंचविशीत तो ती डोळे मिटून मारायचा. परवा अकरा वेळा खाली पडला आणि वहीत लिहिलं, ‘उडीचा वेग नीट साधलेला नाही.’ मी म्हटलं, “नाचता येईना, अंगण वाकडं.” ते काही त्याने लिहिलं नाही.

रोल-प्लेइंग गेमवर मात्र त्याचा राग. त्यात आपण एखादं पात्र होतो, गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो. त्याने लिहिलं होतं, ‘परत खेळू नयेत. गोष्ट एकदा कळली की उरते पायपीट. जग बुडायला आलंय आणि आपण कुणाची तरी हरवलेली शेळी शोधतोय.’

खरी गोम वेगळीच होती. त्यातली माणसं काय बोलतात ते त्याने कधी वाचलंच नव्हतं. पडद्यावर कुणी तोंड उघडलं की हा बटण दाबायचा. पुढे, पुढे, पुढे. मी घरातलं काही सांगायला लागले की त्याचा अंगठा हवेतल्या हवेत हलायचा. आधी मला हसू यायचं, मग यायचं बंद झालं.

बारा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिराने स्वतः एक गेम बनवला होता. दिवसा नोकरी, संध्याकाळी हे काम, अशी अडीच वर्षं गेली. एका छोट्या कंपनीने तो बाजारात आणायची तयारीही दाखवली होती. पण दीर त्यांना म्हणाला, “आधी माझ्या दादाला खेळू दे. तो म्हणेल ते खरं.” आई गेली तेव्हा दीर चौदा वर्षांचा होता. दादानेच त्याला हाताशी धरून वाढवला, दादानेच पहिला गेम हातात दिला. दादाच्या शब्दापुढे त्याला कंपनीची काय किंमत!

दोन तासांत हा खेळून मोकळा झाला. मी शेजारी बसून भाजी निवडत होते. माणसं बोलायला येत होती आणि अंगठा टकटक चालू होता. मला वाटलं, म्हणावं, अरे वाच तरी, भावाने लिहिलंय. पण म्हटलं, त्यांचं त्यांना कळतं, आपण कशाला मध्ये नाक खुपसा. ते एक वाक्य मी गिळलं, ते अजून घशाशी आहे.

रविवारी दीर आला. चपलाही न काढता दारातूनच म्हणाला, “पूर्ण खेळलास?”

“पूर्ण खेळलो,” हा म्हणाला. “मारामारी पोकळ आहे रे. जो भेटेल तो अंगावर येतो आणि पटकन मरतो. ती जिन्याखाली शिवणयंत्र घेऊन बसलेली बाई तर तीन फटक्यांत गेली! आणि गोष्ट म्हणशील तर नाहीच.”

 दीर चहाही अर्धा टाकून गेला. आठवड्याने त्याने कंपनीला नकार कळवला आणि पुढे लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलच्या कामाला लागला. माणूस हुशार, तिथेही वर गेला. पण गेमचा विषय निघाला की तो उठून खिडकी उघडायचा किंवा लावायचा.

यंदाच्या रजेत नवऱ्याच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. कामावर घासायच्या यंत्राने सोलवटला होता. उड्या बंद, मारामारी बंद. चिडचिड करत त्याने जुनी डिस्क शोधली आणि दिराचा गेम लावला. डाव्या हाताने बटण दाबायला वेळ लागायचा, तेवढ्यात समोरची ओळ वाचून व्हायची. पहिल्या दिवशी नाइलाजाने वाचली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुढे ओढून वाचायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली. “इकडे ये. कुणीच मारायला येत नाहीये.”

त्या गेममध्ये लढाई मुळात नव्हतीच. वस्तीतल्या माणसाचं बोलणं पूर्ण ऐकलं की तो आपल्याला वाट दाखवायचा. बोलणं तोडून पुढे गेलं की तोच अंगावर यायचा. बारा वर्षांपूर्वी याने सगळ्यांचं बोलणं तोडलं होतं, म्हणून सगळेच अंगावर आले होते.

आम्ही दोघं जिन्यापाशी पोचलो. शिवणयंत्रावरची बाई ओठांत दोन टाचण्या धरून बोलत होती. “दमलास तर दम खा. कोण मागे लागलंय तुझ्या?” मग म्हणाली, “धाकट्याला भाकरीचा मधला तुकडा दे. तू मोठा आहेस, तुला कडा आवडतात.”

माझ्या सासूबाईंना मी कधी पाहिलं नाही. पण शिवताना टाचण्या तोंडात धरून बोलायची त्यांची सवय मला या घरात सगळ्यांनी करून दाखवली आहे. नवऱ्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला. “मी हिला मारली,” तो म्हणाला. “आणि वर त्याला सांगितलं.” एवढा मोठा माणूस माझ्यासमोर हुंदके देऊन रडला. मी त्याची समजूत घातली नाही. कुठल्या तोंडाने घालणार? मीही तिथेच बसले होते की.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दिराकडे गेलो. तो स्वयंपाकघरात नळाचा वायसर बदलत होता. नवऱ्याने उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. वाचलं नव्हतं, खोटं बोललो, मत काय द्यायचं ते बटण दाबता दाबताच ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, “भावजी, मी बघत होते. मीही बोलले नाही.”

दिराने पाना खाली ठेवला. “दादा, तू वाचलं नाहीस हे मला तेव्हाच कळलं. तीन फटके म्हणालास ना! ऐकणाऱ्यावर ती हातच उचलत नाही.”

“मग बोलला का नाहीस? कानाखाली तरी मारायचीस!”

“ऐकायला लोक थांबत नाहीत, हे मी धरूनच चाललो होतो. म्हणून ती नुसती दिसली तरी तू थांबशील अशी बनवली होती. ते बसणं, त्या टाचण्या, मान वाकडी करून दोरा तोडणं.” त्याने हात पुसले. “तू थांबला नाहीस. मला वाटलं, दादालाच आई ओळखू आली नाही, म्हणजे मला ती जमलीच नाही.”