दुधातला दात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला, सुमनला, तर नाहीच — आणि खरं म्हणजे ते तिलाच सांगायला हवं होतं.

सत्त्याण्णवच्या आसपासची गोष्ट. आम्ही धुळ्याकडचे, सुरतेत भेस्तानला एक खोली, मी लूमवर कामाला. मागावर सूत नेणारा लाकडी धोटा कधी उडतो आणि कारागिराच्या तोंडावर बसतो, म्हणून कारखान्यात एकदा दातांचे डॉक्टर बोलायला आले. म्हणाले, पडलेला दात मुळाशी धरू नका, दुधात ठेवा, तासाभरात माझ्याकडे या — पुन्हा बसवता येतो. मला ते फार पटलं. घरी एका डब्यात मी कापूस, लवंगतेल, मीठ आणि झाकणाची छोटी डबी ठेवली. चाळीत कुणाची दाढ दुखली की माझ्याकडे यायचे. मला बरं वाटायचं — का नाही वाटणार?

एका रविवारी दोन सोबती चहाला आले होते. सुमन हसत म्हणाली, "भाऊ, यास्नी तयारी तर मोठी से. आते कोनातरी दात पडाले पाहिजे."

ते दोघं खूप हसले. मीही हसलो. ते गेले, आणि मी हातातल्या तांब्यासकट तिच्या तोंडावर हात मारला.

पुढचा दात. अख्खा, मुळासकट.

मग मी सगळं बरोबर केलं. कापूस दाबायला दिला, दात वरून धरला, डबीत दूध घातलं. सुमननं पदर तोंडाला लावला, चपला घातल्या. तिला गुजराती येत नव्हतं, माझ्याशिवाय ती रस्ता ओलांडत नसे. मी म्हणालो, थांब, दवाखाना उघडा आहे का बघून येतो.

दवाखाना उघडा होता. तेच डॉक्टर एकटे पेपर वाचत बसले होते. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. ते विचारतील, कसा पडला? — एवढंच मनात. त्यांनी मान वर केली, मला ओळखलं असावं, हात हलवला. मी वळलो.

घरी येऊन म्हणालो, "बंद आहे. डॉक्टर गावाला गेलेत."

मारलं ते तिला ठाऊक आहे. हे ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, दूध बदलू का? मी हो म्हणालो. का म्हणालो? दात मेला होता, मला माहीत होतं. ती रोज सकाळी चहाआधी दूध बदलत राहिली, डॉक्टर गावाहून येतील म्हणून. मी कामावर जाताना बघायचो, आणि जायचो. मग एक दिवस डबी घासून फळीवर पालथी घातलेली दिसली. दाताचं तिनं काय केलं, मी विचारलं नाही.

शेजारणींना तिनं सांगितलं, मोरीत पाय घसरला. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसते. नव्या माणसांना वाटतं, लाजते.

परवा सूनबाईनं सहज विचारलं, आई, हा दात कसा गेला? सुमन पीठ मळत होती. मोरीचं सांगितलं, आणि पुढे म्हणाली, "पण यांनी माझ्यासाठी उन्हात किती धावाधाव केली. नशीबच नव्हतं, दवाखाना बंद निघाला."

सूनबाईनं माझ्याकडे आदरानं पाहिलं.

मी मान डोलावली.