रिकॉल आला, पण खुर्चीचा

रिकॉल हा शब्द मला शाळेनं नाही, लग्नानं शिकवला. आमचे हे फौजेत. सुट्टीवर आले, की घरदार खूश. आणि मधेच पलटणीचा निरोप यायचा, रिकॉल! म्हणजे सुट्टी बंद, ट्रंक भरा, निघा. मग मी डोळे पुसत दशम्यांचं पीठ दुधात मळायला घ्यायची. आता हे सुभेदार होऊन घरी बसलेत आणि पोरगा फौजेत. शब्द काही घर सोडत नाही.

यंदा पोरगा आला तो नातीचं जावळ काढायला. औंधला यमाईपुढं, बापाच्या देखत. औंधला निघायच्या आदल्या दिवशी सूनबाई सोप्यातून ओरडली, “अवो, रिकॉल आलाय!”

मी तडक दूध तापत ठेवलं. ह्यांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढून पुसायलाही घेतली. एकमेकांकडं बघायचं मात्र दोघांनीही टाळलं. तेवढ्यात पोरगा आत आला.

“आई, दशम्या कुणाला गं?”

“तुलाच की. रिकॉल आलाय न्हवं?”

तो हसत हसत खालीच बसला. “आगं, माझा न्हाई! पोरीच्या खुर्चीचा!”

गाडीत लेकराला पट्ट्यांनी बांधून बसवायची खुर्ची असते ना, तिचा. विकलेल्या मालात खोट निघाली, की कंपनीही रिकॉल काढते म्हणे. बक्कल लागल्यासारखं वाटतं, पण जोराचा झटका बसला की सुटू शकतं, असं कंपनीनं कळवलेलं. सूनबाईनं विकत घेतानाच खुर्चीची नोंद केली होती, म्हणून निरोप तरी आला. तरी तिनं मेसेजवर विश्वास ठेवला नाही. कंपनीच्या साइटवर जाऊन बघितलं. मग खुर्ची उलटी केली. आतून अर्धा डबा चिवडा, एक पैंजण आणि माझी हरवलेली जपमाळ निघाली. बुडाच्या चिठ्ठीवरचा नंबर आणि तारीख जुळली. आमचीच खुर्ची.

“त्यात काय?” हे म्हणाले. “सुतळीनं आवळून टाकतो. तोफा बांधल्यात मी.”

“मामा, तोफ रडत न्हाई,” सूनबाई म्हणाली. “आणि अपघात झाला तर लेकराला पटकन सोडवायचं कसं?”

“मग मी मांडीवर घेते,” मी म्हटलं.

“आत्या, करकचून ब्रेक लागला तर तुमच्या हातात ऱ्हाईल व्हय ती?”

“मग ही खुर्ची पलूसच्या भाचीला देऊ. तिचं लेकरू लय शांत हाय.”

बोलून गेले आणि माझं मलाच कळलं. जे आपल्या पोरीला चालत नाही, ते भाचीच्या लेकराला कसं चालेल?

कंपनी नवं बक्कल फुकट पाठवणार होती. तोवर खुर्ची वापरायची नाही, म्हणून जावळही लांबणीवर. पण तोवर सुट्टी टिकायला हवी ना! ते बक्कल आधी येतंय का पलटणीचा निरोप, ह्याच घोरात घर. फोन वाजला की माझा हात पिठाच्या डब्याकडं जायचा. हे कुरियरवाल्याची वाट बघत फाटकात उभे. त्याला आता गावात सगळे सुभेदारांचा पाहुणा म्हणतात.

सुट्टीच्या अगदी शेवटाला बक्कल आलं. पोरानं पुस्तिका वाचत बसवलं. ह्यांनी पट्टा ओढून बघितला, मग मी, मग सूनबाईनं. नातीला खेळच सापडला. बक्कल लागलं की ओरडायची, “कट्ट!” आणि स्वतःच ओढून बघायची. औंधपर्यंत तेच. जावळ उतरताना मात्र रडून सगळं देऊळ डोक्यावर घेतलं.

दुसऱ्याच दिवशी पोरगा निघाला. सुट्टी पुरती भोगून, रिकॉल न येता. दशम्या ह्या खेपेला खरोखरीच्या बांधल्या. फाटकात त्यानं सॅक पाठीला लावली, छातीवरच्या पट्ट्याचं बक्कल लावलं, तशी आमची टकली त्याच्या पायाशी येऊन उभी राहिली.

“बाबा, कट्ट?”

तो गुडघ्यावर बसला. तिनं दोन्ही हातांनी पट्टा ओढून बघितला. नीट बघितला. मगच त्याला जाऊ दिलं.