उजवीकडचा दिवा

आमच्या पिकअपचा उजवीकडचा इंडिकेटर कधी बंद पडला हे घरात कुणालाच आठवत नव्हतं, कारण त्याची कुणाला गरजच नव्हती. त्या काळी उजवीकडे वळायचं तर ड्रायव्हर खिडकीतून अख्खा हात बाहेर काढायचा. मागच्याला समजायचं. दिवा असला काय आणि नसला काय.

मग दुष्काळाच्या आदल्या वर्षी विहिरीवरचं इंजिन सुरू करताना हँडल उलटं फिरलं आणि आमच्या ह्यांचा उजवा खांदा दुखावला. स्टिअरिंग फिरवण्यापुरता हात चालायचा, पण बाजूला उचलला की डोळ्यांत पाणी. आठवड्यातून दोनदा संगमनेरला भाजी न्यायची असायची. एकदा परत येताना, पुणे रस्त्यावरून आमच्या फाट्याला वळत होते, तर मागून आलेला ट्रक घासून गेला. घरी आल्यावर हे आईला एवढंच म्हणाले, "हिला मागं उभी करतो. हात दाखवंल." सासूबाईंना ते आवडलं नाही, पण लेकाच्या जिवापुढे त्या काय बोलणार?

तशी मी पिकअपच्या मागे, भाजीच्या पाट्यांमध्ये, केबिनवरचा गज धरून उभी राहू लागले. ह्यांनी आतून पत्र्यावर थाप मारली की मी उजवा हात लांब करायचा. हातातल्या बांगड्या बघून ट्रकवाले हसायचे. पहिल्या दिवशी मी लाजेनं अर्धी झाले. तिसऱ्या खेपेपर्यंत मीच त्यांच्याकडे डोळे वटारून बघू लागले.

पुढे केबिनमध्ये ह्यांच्या शेजारी बसायचा प्रश्नच नव्हता. नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सून गावातून निघाली असती, तर महिनाभर पाणवठ्यावर दुसरा विषय नसता. मागे उभं राहणं हे काम होतं, आणि कामाला कोण नावं ठेवणार, असं मला वाटायचं.

खरं सांगायचं तर मला ते दिवस फार आवडले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण मोठ्यांदेखत आमचं बोलणं "वाढू का" आणि "पुरे" यापलीकडे जात नव्हतं. संगमनेरला भाजी उतरवून झाली की हे प्रवरेच्या काठी गाडी लावायचे, भेळ आणायचे, आणि आम्ही मागच्या फळीवर पाय सोडून बसायचो. हा माणूस एवढा बोलतो हे मला तिथे कळलं. सातवीत शाळा सोडावी लागली त्याचं त्यांना अजून वाईट वाटायचं. कुत्र्यांना ते घाबरायचे. आणि मला चिडवल्याशिवाय त्यांचा घास उतरत नव्हता. "तुझ्या हाताला भिऊन पुण्याचे ट्रक थांबत्यात," म्हणायचे. मला त्या काठावर नवरा मिळाला म्हटलं तरी चालेल.

पण गावाच्या तोंडाला कोण हात लावणार? "सुनंला गाडीवर चढवली व्हय?" असं बायका सासूबाईंना विचारू लागल्या. त्यांनी दिराकरवी नगरहून बल्ब मागवला आणि एका दुपारी माझ्या हातावर ठेवला. "त्याचा खांदा चालत न्हाई, तूच बसव. मंग तुला ती दगदग नको. घरीच राहा." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. आईपुढे हेही काही बोलले नाहीत. बायको सोबत हवी असं आईला सांगणारा मुलगा आमच्याकडे तेव्हा जन्मला नव्हता.

हे शेजारी उभं राहून सांगत होते, मी करत होते. काचेचे स्क्रू गंजलेले, घासलेट सोडल्यावर हलले. आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं. "बल्ब आत दाब, मंग फिरव." जुना काळा पडलेला बल्ब निघाला. होल्डरमध्ये हिरवट गंज चढला होता, तो मी काडेपेटीच्या खरखरीत बाजूनं घासू लागले.

"एवढं घासाया नको. ऱ्हाऊ दे तसाच," हे म्हणाले.

पण अर्धवट काम मला जमत नाही. आपल्याच पायावर धोंडा पाडायचा तर तोही नीट पाडावा, असा माझा स्वभाव. होल्डर लख्ख केला, बल्ब बसवला, काच पुसून लावली.

हे केबिनमध्ये जाऊन बसले. सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत होत्या.

"लागतोय का?" ह्यांनी आतून विचारलं.

उन्हात फिकट दिसत होता, पण दिवा लुकलुकत होता. मी म्हटलं, "लागतोय."

"नीट बघ. लागतोय का?"

"लागतोय."

मग पुन्हा, "अगं, खरंच लागतोय?"

राग तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरच असायचा. "लागतोय म्हनलं ना. माझ्या हातानं बसवलाय. इस्वास नसंल तर उतरून बघा."

सासूबाई हसल्या. हे उतरले आणि माझ्याकडे न बघता गोठ्याकडे गेले.

पुढच्या खेपेला ते एकटेच गेले. मी चुलीपुढे बसून रडले. धुराचं निमित्त होतंच. आमचं बोलणं पुन्हा "वाढू का" वर आलं.

वर्षभरानं मला ताप भरला, तो उतरेचना. संगमनेरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. उभं राहायचं त्राण नव्हतं, म्हणून पहिल्यांदाच मला केबिनमध्ये बसवलं. ह्यांच्या शेजारी मी, माझ्या पलीकडे सासूबाई. दवाखान्याकडे उजवीकडे वळताना ह्यांनी बटण दाबलं, आणि स्टिअरिंगच्या मागे, बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर, एक बारीक हिरवा दिवा उघडझाप करू लागला.

"ह्यो कशाचा?" मी विचारलं.

"मागचा लागला की ह्यो लागतो," हे रस्त्याकडे बघत म्हणाले.

"पयल्यापासनं?"

"व्हय. पयल्यापासनं."

सासूबाई शेजारी होत्या, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण तापातसुद्धा मला ती दुपार लख्ख आठवली. मी सांगायच्या आधीच त्यांना दिसत होतं. तरी तीनदा विचारलं, मी एकदा तरी नाही म्हणावं म्हणून.