गुळाचा तिसरा थर

हे मी कित्येक वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. मागच्या महिन्यात जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं, आता तुम्हाला सांगतो. बायकोलाही माहीत नाही — कुठल्या तोंडानं सांगणार?

सात-आठ वर्षं झाली. राजारामपुरीतल्या एका क्लासात मी आणि सुनंदा संगणकावर ॲनिमेशन शिकत होतो. पुण्याच्या स्टुडिओची माणसं आमचं काम बघायला येणार होती. नोकरीची जागा एकच होती. सुनंदानं संगणकावर गुळाची ढेप केली होती. तिच्या घरचं गुऱ्हाळ, त्यामुळे गूळ कसा दिसतो हे तिला कुणी सांगायला नको. वस्तूवर उजेड कसा वागेल हे संगणकाला सांगणाऱ्या मांडणीला शेडर म्हणतात. तिनं एकावर एक थर चढवले होते — वर खरबरीत साल, खाली सोनेरी रंग, आणि तिसरा थर, आत शिरून कडेनं झिरपणारा उजेड. बघताना तोंडाला पाणी सुटायचं. माझा काचेचा पेला बरा होता. नुसता बरा.

आणि ती चहा सांगायला गेली तेव्हा मी तिसरा थर बंद केला. पडद्यावरची एक खूण काढली, इतकंच. इतकंच?

पाहुण्यांसमोर चित्र तयार झालं. "साबणाची वडी वाटते," ते म्हणाले. ते चहाला बाहेर गेले आणि मी खूण परत लावली. मग सुनंदानं फाईलमधले थर तपासले; चित्र पुन्हा काढून बघायचा धीर तिला झाला नाही. "सगळं जागच्या जागी हाय की. मग मलाच नीट दिसत न्हाय काय रं?" मी काय केलं? हो म्हणून मान हलवली. जागा मला मिळाली. तिचा स्वतःच्या नजरेवरचा भरवसा उडाला आणि तिनं हे कामच सोडलं. जळत होतो मी तिच्यावर, दुसरं काही नाही.

मागच्या महिन्यात तिच्या दारात उभा राहून सगळं ओकलो. ती भडकली. "एवढी वर्सं मी सोताला आंधळी समजत हुते!" मग म्हणाली, "फाईल हाय काय?"

होती, सगळ्यांचं काम असलेल्या क्लासच्या जुन्या सीडीवर; ती मी बरोबर आणली होती. माझ्या लॅपटॉपसमोर ती बसली. चौकोन-चौकोन भरत ढेप उमटली, कडेनं उजेड झिरपला.

"माझं डोळं बरोबर हुतं की!"

माझ्याकडं न बघता तिनं खुर्ची पुढं ओढली आणि उजेड आणखी आत शिरावा म्हणून चित्रातला दिवा ढेपेच्या मागं सरकवू लागली.