सात खिशांची पँट

हसायचं असेल तर मध्येच हसून घ्या, शेवटाची वाट पाहू नका. माझ्या हातून जे झालं ते मी आता चारचौघींत सांगते, लाज सोडली. पण सांगताना एक जागा अशी येते की तिथे आवाज जातो माझा. तेवढं सांभाळून घ्या. चहा ओतलाय, घ्या आधी.

मी बडनेऱ्यात राहते, घरीच शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म. आमचे हे, सुधाकर, विजेचे लाइनमन. तार तुटली, फ्यूज उडाला की खांबावर चढायचं. लग्नाला चौदा वर्षं झाली. चौदा वर्षं मी यांचे कपडे धुतले, पण यांना खांबावर चढलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. तुम्ही पाहिलंय का तुमच्या नवऱ्याला कामावर? नाही ना? मग मला फार नावं ठेवू नका.

सगळं सुरू झालं एका कोहळ्यापासून. कोहळं म्हणजे आपला लाल भोपळा. एका संध्याकाळी हे काखेत भलंमोठं कोहळं घेऊन घरी आले. आमच्याकडे कोहळं कोणी तोंडात घेत नाही.

"हे काहून आनलं?" मी विचारलं.

"घ्या लागलं."

"घ्या लागलं म्हंजे?"

यांनी कोहळं फिरवून दाखवलं. मधोमध भोक. बाजारातल्या खांबावर काम करताना यांच्या पिशवीतून पेचकस निसटला, तो खाली भाजीवालीच्या ढिगात जाऊन कोहळ्यात मुठीपर्यंत रुतला. बाई हातभर मागे बसली होती. ती ओरडली नाही, भांडली नाही. नुसतं कोहळं उचलून यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "हे आता तुमचं."

हे सांगून आमचे हे हसायला लागले. मला काही हसू येईना. ती बाई हातभर पुढे बसली असती तर? मी त्या भोकात बोट घालून पाहिलं. सगळं बोट आत गेलं. त्या रात्री भाजी कोहळ्याचीच केली. यांनी खाल्ली, मी माझी वाटी बाजूला सारली.

आता ती पिशवी कशी होती ते ऐका. जुन्या जीन्सचा एक पाय, खालून शिवलेला, वर नाडा. तिरकी खांद्यात अडकवायची. एका जुन्या लाइनमनने निवृत्त होताना यांना दिलेली. तेलकट, काळी, आणि तोंड कायम उघडं. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नवऱ्याने असली पिशवी घेऊन गावभर हिंडायचं? मी ठरवलं, यांना अशी पँट शिवून द्यायची की कितीही उंच चढा, खिशातून टाचणीसुद्धा खाली पडली नाही पाहिजे.

मी कामाला लागले की अर्धवट करत नाही. यांची सगळी हत्यारं वर्तमानपत्रावर मांडली आणि एकेकाभोवती पेन्सिल फिरवली. पक्कड, टेस्टर, दोन पेचकस, पाना, करवतीचं पातं, चिकटपट्टीचं वेटोळं. सात वस्तू, सात खिसे. प्रत्येकाचं माप वेगळं. मग यांना समोर उभं केलं.

"सरळ उभे राहा न."

"कामाच्या वक्ती मी सरळ नसतो वो."

"माप सरळच घेतात. मले नका शिकवू."

हे सरळ उभे राहिले. बोलणारा माणूस नाहीच तो. मी कंबरपट्टीच्या चार बोटं खाली, गोल रांगेने सातही खिसे बसवले. प्रत्येकावर झाकण, झाकणाला वेल्क्रो, वर प्रेस बटन. शिलाई दुहेरी, कोपऱ्यांवर तिहेरी. जाड खाकी कापड अमरावतीहून आणलं होतं. दोन सुया मोडल्या माझ्या.

शिवून झाल्यावर परीक्षा घेतली. सातही हत्यारं भरली आणि पँट अंगणातल्या दोरीवर उलटी टांगली. पाय वर, खिसे खाली. दिवसभर वाऱ्यावर हलत होती. एक वस्तू पडली नाही. शेजारची बेबीबाई हात कमरेवर ठेवून पाहत होती. म्हणाली, "माय वं, मानूस उलटा झाला तरी सामान नाई पडनार." मला वाटलं, केवढी तारीफ केली.

पँट तपासली मी. माणूस घालून तपासायची अक्कल मला नव्हती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो बैल मीच.

हे पँट घालून कामावर गेले. संध्याकाळी विचारलं, "कशी हाये?"

"बरी हाये."

आमच्या यांच्या तोंडून 'बरी' म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून सोन्याचं पदक. मी आणखी दोन शिवल्या. आठवड्याने धुवायला घेतल्या तर काय, गुडघे काळे, बूड मातीचं, आणि खिसे मात्र दुकानातून आणल्यासारखे कोरे! मी गिऱ्हाइकांना दाखवत सुटले, पाहा, खिशाला डाग म्हणून लागत नाही, असं कापड निवडलंय. आलेल्या प्रत्येक बाईला दाखवलं. कोणी ब्लाउजचं माप द्यायला आली तरी आधी पँट पाहायची.

यांच्यासोबत काम करणारे गजूभाऊ एकदा चहाला आले. मी म्हटलं, "भाऊ, तुमाले बी शिवून देऊ का?"

गजूभाऊंनी यांच्याकडे पाहिलं. यांनी बशीत पाहिलं. "नको वहिनी," ते म्हणाले, "सात खिशे माया ध्यानात नाई राहनार."

मला वाटलं, बिचारा साधा माणूस आहे.

पुढे एका दिवशी डबा शोधायला मी यांच्या मोटरसायकलची बाजूची पेटी उघडली. आत ती जीन्सच्या पायाची पिशवी. आणि पिशवीत सातही हत्यारं. खिसे कोरे का होते ते तेव्हा कळलं. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू.

"हे काय होय?"

"पिशवी."

"ते दिसून राहिलं मले. मंग मी खिशे कायच्यासाठी शिवले?"

"अवो, वर गेल्यावर कसं होते का..."

"वर गेल्यावर काय होते ते पाह्यलं मी कोहळ्यात. उद्या कोनाच्या डोक्शात घुसला मंग?"

हे गप्प झाले. माझं बोलणं खोटं नव्हतं ना, तिथेच ते अडकले. आणि नवरा गप्प बसला की आपण जिंकलो, असं आपल्याला वाटतं. यांचं वाक्य मी त्या दिवशी पुरं होऊ दिलं असतं तर हा किस्साच झाला नसता.

मी मात्र तिथेच थांबले नाही. दुसऱ्या दिवशी ती पिशवी उसवली, सोड्यात उकळली, आत चिंध्या घातल्या, आडव्या टिपा मारल्या आणि दारात टाकायचं पायपुसणं केलं.

संध्याकाळी हे आले. दारात थबकले. खाली पाहिलं. मग उजवा पाय पुसला, डावा पाय पुसला आणि आत येऊन हातपाय धुतले.  त्यानंतर रोज संध्याकाळी हा माणूस आपल्याच पिशवीला पाय पुसून घरात येत होता आणि मी आतून चहा आणत होते.

आता खिशांना डाग पडायला लागले. झाकणं तेलकट झाली. मी खूश. ते डाग मी घासून काढतसुद्धा नव्हते, राहू द्यायची.

मग एका दुपारी गजूभाऊंचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका." या तीन शब्दांनंतर काय येतं ते कोणाला सांगावं लागतं का? मशीनवर युनिफॉर्मची बाही होती. सुई कापडातच ठेवून मी निघाले. अमरावतीच्या दवाखान्यापर्यंत ऑटोत मी फक्त पुढच्या काचेवरचा तडा पाहत होते.

हे स्ट्रेचरवर. शुद्धीत होते, पण ओठ पांढरे. उजवी मांडी भलतीकडेच वळलेली. सिस्टर कात्रीने पँट कापत होती आणि कात्री अडत होती. माझी दुहेरी शिलाई. ती वैतागून म्हणाली, "कोनं शिवली बापा ही?"  दुसरी कात्री मागवली तिने. तेवढा वेळ हे दात आवळून पडले होते.

मग तिने खिसे रिकामे केले. बटन सोडायचं, वेल्क्रो उपटायचा, वस्तू ट्रेमध्ये टाकायची. पक्कड. टेस्टर. पेचकस, पेचकस. पाना. पातं. चिकटपट्टी. माझ्या शेजारी गजूभाऊ उभे होते, डोळे लाल. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं हो, धीर द्यायलाच म्हणाले ते.

"वहिनी, तुमचं खरं निंघालं. एवढ्या वरून पडले सुधाभाऊ, पन हत्यार एक बी नाई पडलं."

थांबा. पाणी द्या जरा.

हं. तर मग बाहेरच्या बाकावर गजूभाऊंनी मला सगळं सांगितलं. खांबावर लाइनमन कमरेला पट्टा बांधतो, तळहाताएवढा रुंद. त्याचा दोर खांबाभोवती घालून आकड्यात अडकवायचा आणि मागे रेलून सगळा भार त्यावर टाकायचा, मग दोन्ही हात मोकळे. म्हणजे सरळ नसतोच माणूस. हा पट्टा रोज कामावरून सुटताना ऑफिसातच खुंटीला राहतो, घरी कधी येत नाही. आणि तो बसतो कुठे? कंबरपट्टीच्या चार बोटं खाली. माझ्या सातही खिशांच्या बरोबर तोंडावर.

पिशवी पट्ट्याच्या खाली लोंबायची, हात घातला की वस्तू हातात. खिशातून काढायची तर पट्टा सैल करावा लागे. हे रोज, दर वेळी, एका हाताने खांबाला मिठी मारून दुसऱ्या हाताने आकडा सोडत होते. पक्कड काढली, आकडा लाव. पक्कड ठेवायची, आकडा सोड. त्या दिवशी मिठी सुटली.

मांडीत सळई बसवली. डॉक्टर म्हणाले, चालतील, पण खांब विसरा. ऑफिसातून निरोप आला, तक्रारींच्या फोनवर बसवू. यांना कोणी फोनवर बसवावं? जो माणूस घरात दिवसाला दहा वाक्यं बोलत नाही, त्याला? हे खाटेवर पडून समोरच्या रस्त्यावरच्या खांबाकडे पाहत राहायचे. हसणं तर सोडाच, 'बरी हाये'सुद्धा बंद झालं.

एक दिवस मी विचारलंच. "मले सांगतलं काहून नाई तुमी?"

यांनी खांबावरची नजर काढली. मग म्हणाले, "चौदा वर्सांत तू जगाचे कपडे शिवले. मायासाठी हे पयलंच शिवलं व्हतं."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ठेवला. मला माझा इतका राग कधी आला नव्हता.

मग मी गजूभाऊंना सांगितलं, तो पट्टा एक दिवस घरी आणा. मला पाहायचाय. त्यांनी आणला. दवाखान्यात कापलेली ती पँट मी तोवर शिवून ठेवली होती, का ते मलाच माहीत नाही. ती सलवारवर चढवली. सातही खिसे भरले. पट्टा बांधला. अंगणात कडुनिंब आहे आमच्या, त्याच्या बुंध्याशी दोन विटा ठेवून त्यावर उभी राहिले, दोर बुंध्याभोवती घातला आणि गजूभाऊंनी दाखवलं तशी मागे रेलले. बेबीबाई कुंपणाशी आलीच. ती यायची राहते का कुठे? हे दारातल्या खाटेवर उशीला टेकून बसले होते.

"काय करून राहिली तू?" यांनी विचारलं.

"तुमी काय करत होते ते पाहून राहिली."

"मंग काढ पक्कड."

मी हात घातला. पट्टा. वरून बोटं घालून पाहिली, आत जाईनात. खालून झाकण ओढलं, वेल्क्रो सुटला, बटन सुटेना. माझंच बटन. डावा हातही लावला, घाम आला. पक्कड जागची हलत नव्हती. आणि मग बघा, मला काही कळायच्या आत माझा हात आपोआप आकड्यावर गेला. आकडा सुटला.

धप्पकन बुडावर बसले मी. एक वीट पोटरीला लागली, एक कुठल्या कुठे गेली. बेबीबाईने तोंडाला पदर लावला. गजूभाऊ धावत आले, पण हात द्यावा की नाही ते त्यांना कळेना. मी तशीच मातीत बसून राहिले. 

खाटेवरून आवाज आला. वर पाहिलं तर हे हसत होते. दोन महिन्यांनी. मांडी धरून, दुखत असताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"पाह्य न वं," म्हणाले, "पडलं का एखादं?"

मी मातीतच कंबर चाचपली. सातही जागच्या जागी होती.