वरचं नितळ पाणी

सरांनी नमुन्याच्या बाटलीचं झाकण काढलं आणि लिटरभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. प्रयोगशाळेत आणखी चौघे संशोधक उभे होते. कुणी हललं नाही.

"आपण फार मोठे शास्त्रज्ञ झालात," सर म्हणाले. "तुमच्या लोकांना गावात ओंजळीत वरून पाणी घालायचे ना? घ्या. आज आंघोळ करा."

एकजण हसला.

मी एवढंच म्हटलं होतं, की या अहवालावर सही करणार नाही. अहवाल टाईप होऊन तयार होता. पाणी अजून तपासायचं होतं.

मग माझे डोळे पेटले. त्या पाण्यात ॲसिड होतं. सरांना ते माहीत नव्हतं.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या शाळेत शिकलो. घरातला पहिला पदवीधर. पुण्यात सरांनी मला पीएचडीला घेतलं, कोथरूडला खोली बघून दिली. त्या उपकाराखाली मी तीन वर्षं वाकून राहिलो. दर रविवारी मंडईतून त्यांची भाजी आणायचो आणि पिशवी दाराबाहेर ठेवायचो. आत या, असं कुणी म्हटलं नाही. मला त्यात काही खटकलंही नाही. हे लिहिताना लाज वाटते.

हडपसरच्या पुढे एका कारखान्याच्या भिंतीला लागून वस्ती आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यात आर्सेनिक आणि शिसं किती, हा माझा विषय. असं पाणी बाटलीत भरल्या भरल्या त्यात नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकावे लागतात. नाही टाकले, तर पाण्यातलं लोखंड गंजून तळाला बसतं आणि आर्सेनिक त्याला धरून खाली जातं. शिसं बाटलीला चिकटतं. वरचं नितळ पाणी तपासलं की आकडा कमी येतो.

नमुन्यांच्या पहिल्या फेरीला सर म्हणाले, "ॲसिड नको. आठवडाभर ठेवा, मग वरचं पाणी यंत्राला लावा." सर त्या कारखान्याचे सल्लागार होते. मला हे ठाऊक होतं. तरी मी तसंच केलं. 'पिण्यास योग्य' या शब्दांखाली सही केली.

तो कागद वस्तीत बोअरशेजारी चिकटवला गेला. नंतर मी गेलो तेव्हा आक्कांनी चहा दिला. बोअरच्या समोरच त्यांचं घर. कप घेताना त्यांचे तळवे दिसले. कडक, मक्याच्या दाण्यांसारखे उंचवटे आलेले. असे तळवे मी पुस्तकात पाहिले होते, आर्सेनिकच्या विषबाधेच्या पानावर.

"आधी भ्या वाटायचं," आक्का म्हणाल्या. "आता तुमची सही हाय म्हनल्यावर बिनघोर पितोय."

दुसऱ्या फेरीला मी प्रत्येक बाटलीत ॲसिड टाकलं. कुणाला विचारलं नाही.

तेच पाणी आता माझ्या डोळ्यांत होतं. मी चाचपडत नळ शोधत होतो, तेवढ्यात सरांनी कानाखाली मारली.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतोस?"

दुसऱ्यांदा हात उठला तेव्हा मी मनगट धरलं. पिरगाळलं. सर टेबलावर वाकले, चष्मा खाली पडला. त्यांचं डोकं टेबलाच्या काठावर आपटावं, असं मला वाटलं. मनापासून वाटलं.

"हात सोड," सर म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

मी सोडला, कारण त्याच टेबलावर बाकीच्या बाटल्या होत्या. डोळे धुतले. त्या बाटल्या एकेक करून यंत्राला लावल्या. कुणी अडवलं नाही. आर्सेनिक मर्यादेच्या कितीतरी वर आलं. शिसंही.

दुसऱ्या दिवशी वस्तीत जाऊन मी जुना कागद फाडला. पाणी विषारी आहे, आधीचा अहवाल खोटा होता, तो मी केला, असं सगळ्यांसमोर सांगितलं.

आक्कांच्या मुलाने कॉलर धरून मला भिंतीवर आपटलं. ओठ फुटला. "माझ्या आईला इख पाजलंस व्हय रं?" त्याने पुन्हा मारलं. मी हात वर केला नाही.

आक्का त्याला आवरत नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "आता प्यायचं काय?"



विद्यापीठाने माझं संशोधन थांबवलंय. सरांची लेखी माफी मागितली तर पुन्हा सुरू होईल, असा निरोप आहे. मी लेखी दिलं आहे, पण दुसरंच. दोन्ही फेऱ्यांत काय केलं ते, माझ्या गुन्ह्यासकट. कारखान्याचं आणि सरांचं नाव घालून. वस्तीला नळाचं पाणी मिळेपर्यंत मी हे प्रत्येक कचेरीत वाचून दाखवणार आहे. पदवी जाऊ दे. सरांनी माझ्यावर पुन्हा हात उचलला तर तो मी धरीन, आणि त्या वेळी टेबलावर बाटल्या नसतील.