दुसरे झोपमोडे

पेंटरकाकांनी उभ्या आयुष्यात गावभरच्या दारांवर लोकांची नावं रंगवली. कुणी घर बांधलं, दवाखाना काढला, की पाटीसाठी पावलं त्यांच्याच दुकानाकडे वळायची. हात इतका बसलेला, की रेघ न मारता अक्षरं ओळीत उभी राहायची. पण स्वतःचं आडनाव त्यांनी एकदाच रंगवलं होतं, दुकानामागच्या आपल्याच घराच्या दारावर. झोपमोडे!

हे नाव ऐकलं की समोरचा हमखास हसायचा. मुलीने तर लग्न झाल्याबरोबर सासरचं नाव असं लावलं, जणू सुटकाच झाली. जवळचे-लांबचे भाऊबंद कुणी नाहीत. "माझ्यामागे हे नाव संपलं," काका म्हणायचे. बायको म्हणायची, "संपू द्या. लोक निवांत झोपतील तरी."

एका सकाळी दुकानात एक बाई आल्या. दवाखान्यात नव्यानेच बदली होऊन आलेल्या नर्स. म्हणाल्या, "पाटी हवीय. ठळक अक्षरात. झोपमोडे."

काकांनी ब्रश खाली ठेवला. "समोरच्या सलूनवाल्याने पाठवलं ना? त्याची चेष्टेची खोड काही जायची नाही."

"कुणी कशाला पाठवेल? माहेरचं नाव आहे माझं. मी एकुलती एक. मी सोडलं तर लावणार कोण, म्हणून लग्नानंतरही सोडलं नाही."

काका तसेच उठले. त्यांनी तिला मागच्या दाराशी नेलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. "अगं बाई!" म्हणत ती पायरीवरच बसली.

काकांच्या घरात सांगायचे, की नदीला पूर आला तेव्हा एका पूर्वजाने परात बडवून सगळं गाव जागं केलं, त्यावरून हे नाव पडलं. नर्स हसली. "आमच्याकडे पूरबीर काही नाही. रविवारी घरी या, बाबांनाच विचारू."

रविवारी पाटी काखोटीला मारून काका बायकोसह हजर झाले. बाबा नव्वदीचे, पण आवाज खणखणीत. पुराची गोष्ट त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"छान आहे. पण खरं ऐका. दोघे भाऊ होते. थोरल्याला पहाटे गाण्याचा नाद. गळा असा, की शेजाऱ्यांनी आधी हात जोडले, मग नाव ठेवलं. धाकटा भावाच्या बाजूने भांडला, म्हणून त्यालाही तेच चिकटलं. रागारागाने तो नदीपलीकडे राहायला गेला."

"नदीपलीकडे?" काका ताडकन उठले. "आमचं मूळ घर तिथलंच!"

"मग तू धाकट्याचा," बाबांनी निकाल दिला. "आम्ही थोरल्याचे. बस खाली, चहा निवतोय."

'अहो'वरून थेट 'तू'! काकांचे डोळे भरून आले. पाटी ठोकता ठोकता ते नर्सला म्हणाले, "पोरी, खिळा दे गं," आणि ते दोघांनाही मुळीच वावगं वाटलं नाही. तेवढ्यात बाबांना लहर आली आणि त्यांनी तान घेतली. शेजारची खिडकी धाडकन बंद झाली. "थोरल्याचाच वंश, शंका नको," काकांची बायको पुटपुटली.

परतताना काका मुद्दाम लांबच्या रस्त्याने आले. भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "आमची पुतणी नर्स आहे, बरं का!"